धर्मराजचं हेलिकॉप्टर

धर्मराज दिवाळीला येणार होता. मस्कतच्या कंपनीनं ऐन वेळी सुट्टी नाकारली. बदनापूरच्या घरात रखमाजी एकटेच राहिले. बायको तुळजाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

भाऊबीजेच्या दुपारी त्यांनी पलंगाखालून लेकाचं हेलिकॉप्टर ओढून काढलं. दिसायला खेळण्यातलं, पण खऱ्या इंजिनावर उडणारं. मागच्या सुट्टीत धर्मराजनं ते स्टेशनामागच्या पडीक रानात उडवलं, तेव्हा अर्धी गल्ली माना वर करून उभी होती. जाताना तो म्हणाला होता, "बाबा, अधूनमधून चालू करत जा. नुसतं ठेवलं की जाम होतं." पण तो येईल, तोच करील, असं म्हणत वर्ष गेलं.

आता कार्ब्युरेटरची दांडी हलेना. इंधनात मिसळलेलं एरंडेल तेल आत वाळून डिंकासारखं चिकटलं होतं. रखमाजींची नोकरी जालन्याच्या बियाणं कारखान्यात, यंत्रांपाशीच सरलेली. त्यांनी कार्ब्युरेटर सोडवला, इंधन कमी-जास्त करणारी सुई फिरवून बाहेर काढली, सगळं स्पिरिटात भिजवलं. दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासलं. बारीक भोकात फुंकर मारली. पलीकडून बोटाला हवा लागली तेव्हा ते हसले.

अंगणात त्यांनी हेलिकॉप्टर जाड फळीला बांधलं. पाती काढूनच ठेवली. उडवणं त्यांना येत नव्हतं. स्टार्टर लावला. इंजिन फुरफुरलं, त्यातून पांढरा धूर निघाला आणि ते बंद पडलं. इंधन जास्त जात होतं. सुई थोडी आत घेतली. पुन्हा तेच. आणखी किंचित आत. आता इंजिन चालू राहिलं. आधी अडखळत, मग एकसारखं, कान भरून टाकणारं.

"आता बराबर लागलं बघ!" ते ओरडले आणि मागं वळले. मागं कुणी नव्हतं.

इतक्यात फाटक वाजलं. शेजारच्या गोजरबाई घाईघाईनं आत आल्या. पदराखाली करंज्यांचं ताट.

"धर्मराज आला काय, भाऊजी? आवाज ऐकला अन् तशीच निघाले!"

रखमाजींनी इंजिन बंद केलं.

"न्हाई, वहिनी. मीच चालू केल्तं."

गोजरबाईंनी उघड्या दारातून घरात एकदा पाहून घेतलं. मग ताट ओट्यावर ठेवलं.

"असू द्या. तुमीच खा मंग."

"बसा ना जरा. चहा टाकतो."

असं ते कधी कुणाला म्हणत नसत. गोजरबाई घुटमळल्या.

"बसले असते हो. पण लेकी आल्यात, ओवाळायचं चालू हाय. वाट बघून राह्यल्यात."

त्या गेल्या. भिंतीपलीकडून हसण्याचा गलका आला. रखमाजी ओट्यावर टेकले. हात पुसले तरी एरंडेलाचा वास जाईना. त्याच हातानं त्यांनी एक करंजी उचलली आणि सावकाश खाल्ली. दुसरी उचलली नाही.