बाराव्या मिनिटाला मंदावणारे ग्राफिक्स कार्ड

मित्रांनो, मला पाहायचे असेल तर आधी लॅपटॉप उलटा करावा लागेल आणि मग त्याचे अकरा स्क्रू काढावे लागतील. आत दोन पंखे दिसतील, तांब्याच्या नळ्या दिसतील आणि त्या नळ्यांखाली अंग चोरून बसलेला मी दिसेन. मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. नावात कार्ड असले तरी मी पत्त्यासारखा सुटा नाही. लॅपटॉपच्या मुख्य पट्टीवर मला डाख देऊन कायमचे बसवलेले आहे, त्यामुळे लॅपटॉपचे जे होईल तेच माझे होते.

माझे काम चित्रे काढण्याचे. तुम्ही खेळात मोटार पळवता ना, तेव्हा मी एका सेकंदात शंभर चित्रे काढून पडद्यावर पाठवतो. प्रत्येक चित्र आधीच्याहून केसभर वेगळे, म्हणून तुम्हाला वाटते की मोटार पळते आहे. पळत मात्र मी असतो! एवढी धावपळ केली की अंग तापणारच. पंखे खालून गार हवा ओढतात आणि मागच्या फटीतून गरम हवा बाहेर टाकतात, तेव्हा कुठे माझा जीव शांत राहतो. आणि हवा मिळालीच नाही तर? तर माझ्या अंगात घालून दिलेला एक नियम आहे. तापमान ठरावीक रेषेवर गेले की काम हळू कर. तरीही उतरले नाही तर सगळेच बंद कर. जळून खाक होण्यापेक्षा मंद चाललेले बरे, असा त्यामागचा विचार. नियम चांगला आहे, पण त्याच नियमाने मी एका निरपराध मुलीला दोन महिने रडवले, आणि तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका धूळ नसलेल्या खोलीत झाला. तिथल्या माणसांचे फक्त डोळे दिसायचे. त्यांनी मला चोवीस तास तापत्या पेटीत राबवले, मी डगमगलो नाही, आणि मी पास झालो. लॅपटॉपच्या खोक्यावर माझे नाव लॅपटॉपच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापले होते. तेव्हापासून माझ्या डोक्यात हवा गेली. खरी हवा पुढे फार दुर्मीळ झाली, तो भाग वेगळा.

माझा पहिला मालक पडद्यावरच्या लढाया लढायचा. मित्र त्याला सेनापती म्हणायचे. त्याच्या खोलीत मित्रांचा दरबार भरायचा आणि माझी आरती ओवाळल्यासारखे कौतुक चालायचे. "काय चित्र आहे रे! गवताचं पातंन् पातं दिसतंय!" सेनापतीने मला जपलेही. दर रविवारी तो मऊ कुंचल्याने पंख्यांच्या फटी साफ करायचा. पण नव्याचे नऊ दिवस. तीन वर्षांनी माझ्याहून तरणाबांड लॅपटॉप आला आणि मी कपाटाच्या तळाशी, जुन्या वायरींच्या पिशवीखाली गेलो. दीड वर्ष मी तिथे होतो. माझ्या आणि तांब्याच्या मध्ये उष्णता वाहून नेणारा एक लेप असतो, तो त्या काळात सुकत गेला. मला ते कळत होते, पण सांगणार कुणाला?

मग एके दिवशी कपाट उघडले. एक शिंपी आणि त्याची मुलगी मला न्यायला आले होते.

मुलगी एका मोठ्या बांधकामावर कामाला होती. उंच क्रेन ओझे उचलते तेव्हा खाली उभे राहून शिट्टी आणि हातवारे यांनी वरच्या चालकाला इशारे द्यायचे, हे तिचे काम. म्हणून तिथे सगळे तिला शिट्टीच म्हणायचे. चार वर्षे मान वर करून तिने इशारे दिले होते. आता तिला वर जायचे होते, चालकाच्या काचेच्या खोलीत, क्रेन चालवायचे दांडे हातात घ्यायला. त्यासाठी पंचवीस मिनिटांची परीक्षा होती. खांबांच्या वळणावळणाच्या वाटेतून टांगलेले ओझे न्यायचे, एकाही खांबाला धक्का न लावता वर्तुळात ठेवायचे. पहिल्या वेळी ती चौदाव्या मिनिटाला घाबरली, ओझे झुलले आणि दोन खांब पडले. शिकवणारे उस्ताद म्हणाले होते, "हात थकतात तुझे. दुसरी संधी आहे, तिसरी नाही. घरी सराव कर." सरावासाठी त्यांनी एक प्रोग्रॅम दिला होता. त्यात हुबेहूब क्रेन दिसायची, वारा दिसायचा, दोराचा झोका दिसायचा. तो चालवायला दणकट कार्ड हवे, म्हणून माझी वर्णी लागली.

मला तर हे नवे घर फार आवडले. पुढे दुकान, मागे राहायची खोली, आणि दोन्हींच्या मध्ये कापड बेतायचे लांब टेबल. टेबलाच्या एका कडेला माझी जागा. बाह्यांना इस्त्री करायची जुनी फळी शिट्टीने उताणी घातली आणि तिच्यावर दोन दांडे स्क्रूने घट्ट बसवले. झाली क्रेन तयार! संध्याकाळी कामावरून आली की हातपाय धुवायची आणि बाबांच्या मशीनच्या आवाजात सरावाला बसायची.

बाबांनी पहिल्याच दिवशी टेप काढून माझ्या लॅपटॉपची मापे घेतली. लांबी, रुंदी, उंची, कोपऱ्यांची गोलाई सुद्धा. "एवढी महागाची वस्तू उघडी काय ठेवायची?" ते म्हणाले. दोन दिवसांत त्यांनी सुटाच्या उरलेल्या कापडाचा अंगरखा शिवला. आत कापसाचा थर, वर रेशमी अस्तर, कडेला दुहेरी टीप. अंगरखा अंगावर असतानाच काम करता यावे म्हणून कळफलक आणि पडदा तेवढे उघडे ठेवले होते. वायरींसाठी काजे ठेवली होती, तीही हाताने केलेली. ठेवले नव्हते ते फक्त तळाला भोक, जिथून मी श्वास घेतो. त्यांना बिचाऱ्यांना कुठे ठाऊक, की यंत्र पोटाने श्वास घेते? तळाचे कापड तर त्यांनी मुद्दाम जाड लावले होते.

पहिली अकरा मिनिटे सगळे छान चालायचे. शिट्टीचा हात इतका हलका होता की ओझे पाण्यावरून सरकल्यासारखे जायचे. बाराव्या मिनिटाला मी रेषेवर पोहोचायचो आणि नियमाप्रमाणे मंद व्हायचो. शंभर चित्रांची तीस, तिसाची बारा.

आता क्रेनचे एक गुपित ऐका. ओझे झुलू लागले की त्याला मागे ओढायचे नसते. ते जिकडे जाते तिकडे त्याच्या मागोमाग जाऊन झोका पकडायचा असतो, आणि तो नेमक्या क्षणी. पापणी लवण्याइतका उशीर झाला तर झोका थांबायच्या ऐवजी वाढतो. शिट्टी दांडा वेळेवरच हलवायची. उशिरा पोहोचायचे ते माझे चित्र. तिला वाटायचे आपण चुकलो, म्हणून ती आणखी हलवायची, आणि पडद्यावरचे ओझे खांबांत जाऊन आदळायचे. धाड!

"परत तेच," ती दोन्ही तळवे डोळ्यांसमोर धरून म्हणायची. "बरोबर तेव्हाच हात जातात माझे, बाबा."

उस्तादांनी सांगितले होते ना, हात थकतात? मग तिने माझ्यावर संशय घेतलाच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! ती रबरी चेंडू दाबू लागली. कोमट पाण्यात हात बुडवून बसू लागली. सकाळी कामावर जाण्याआधीही सराव करू लागली. ती जितका जास्त सराव करी तितका मी जास्त तापे. मला त्या दिवसांत स्वतःची फार लाज वाटायची. मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते, अगं, तुझे हात सोन्यासारखे आहेत. पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तशी माझी गत.

त्यातच शाळा उघडायचे दिवस आले आणि दुकानात गणवेशांचा ढीग लागला. कात्री दिवसभर चालायची. कापडाचे बारीक तंतू टेबलावर तरंगायचे आणि अंगरख्याच्या शिवणींतून, काजांतून माझ्या पंख्यांत ओढले जायचे. एकदा शिट्टीचा तळवा लॅपटॉपला टेकला आणि ती हात झटकत उठली. बाबा धावत आले, हात लावून पाहिला, आणि म्हणाले, "अरे बापरे! चटका बसतोय पोरीला." त्याच रात्री जेवणाआधी त्यांनी अंगरख्यात कापसाचा आणखी एक थर घातला. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच. त्यांच्या मायेपुढे मात्र माझे काही चालत नव्हते.

परीक्षेला नऊ दिवस उरले तेव्हा शिट्टीचा धीर सुटला. ती बाबांना म्हणाली, "एकदा शेवटचं करून बघते. झोका गेला तर नाव मागे घेते. खाली उभं राहून शिट्ट्या मारणं काय वाईट आहे?"

बाबांनी मशीन थांबवले. "वाईट काहीच नाही," ते एवढेच म्हणाले.

बाराव्या मिनिटाला ओझे झुलले. चौदाव्या मिनिटाला पडदा काळा झाला आणि पंखे थांबले. मी हे तिच्यासाठी मुद्दाम केले असे सांगितले तर तुम्हाला आवडेल, पण ते खोटे ठरेल. मला सहन होईना, म्हणून मी बंद पडलो. तिने बटण दाबले, पुन्हा दाबले, आणि झाकण मिटले.

दुसऱ्या दिवशी दोघे मला घेऊन दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेले. वह्या-पेनांच्या दुकानामागे त्यांची चिंचोळी खोली होती. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि आधी अंगरखाच निरखला.

"हा कोट कुणी शिवला?"

"मी," बाबा म्हणाले. "अस्तरासकट."

"झकास शिवलाय हो. कुठे एक टाका ढिला नाही." बाईंनी मला अंगरख्यातून बाहेर काढून उलटे केले. "म्हणूनच याचा जीव गुदमरला. हे बघा, हवा इथून आत जाते."

अकरा स्क्रू निघाले, झाकण उघडले आणि बाईंनी चिमट्याने पंख्यामागून एक पट्टी सोलून काढली. तंतूंचा दाबून बसलेला घट्ट नमदा होता तो. बाबांनी तो तळहातावर घेतला. त्यांच्या बोटांना कापड ओळखायला वेळ लागला नाही. "हा निळा गणवेशांचा," ते हळूच म्हणाले. "हा करडा त्या सुटाचा. हे सगळं माझ्याच टेबलावरचं आहे." मग ते खुर्चीवर बसले.

बाईंनी लेप पाहिला. तो वाळून खडू झाला होता. त्यांनी तो पुसून नवा लावला, पंखे साफ केले आणि मला चालू करून एक जुनी नोंद पडद्यावर आणली. लॅपटॉप आपल्या कामाचा वेग आपणच टिपून ठेवतो. रेघ सरळ जात होती आणि एका जागी कडा कोसळावा तशी खाली पडत होती.

"ही कालची. ही परवाची. ही त्याआधीची," बाई दाखवत गेल्या. "रोज बाराव्या मिनिटाला धापा टाकतोय हा."

शिट्टी उठून पडद्याजवळ आली. "रोज?"

"रोज."

"म्हणजे मी दांडा हलवायचे तेव्हा चित्र मागे राहायचं?" तिचा आवाज फाटला. "माझा हात नाही?"

"तुझ्या हाताचं मला काय माहीत, बाळ? पण हा मागे राहत होता एवढं नक्की."

शिट्टीने तोंडावर हात घेतला आणि ती रडली, खूप दिवसांचे साठलेले. बाबा म्हणाले, "पोरी, मीच तुझ्या वाटेत कापूस पसरला." ती रडता रडता हसली. "जाऊ द्या हो बाबा. शिवलंत किती सुंदर!"

त्या संध्याकाळी मी खिडकीपाशी लाकडाच्या दोन पट्ट्यांवर उघडाच बसलो. बाबांनी कात्री दुकानाच्या पुढच्या टेबलावर नेली. बारावे मिनिट आले आणि गेले. ओझे झुलले, तिने झोका पकडला, आणि पंचवीस मिनिटांनी ते वर्तुळात टेकले. बाबा मशीनमागून म्हणाले, "परत एकदा कर बघू." तिने तीनदा केले.

परीक्षेला ती गेली तेव्हा मी घरीच होतो. दिवसभर बाबांनी एकच पँट तीन वेळा उसवली. ती आली, चप्पल काढली आणि उंबऱ्यातच सांगू लागली.

"निम्म्यावर गेले आणि वारा सुटला, बाबा. ओझं झुललं. वाटलं, गेले हात. मग म्हटलं, थांब, हा वारा आहे. माझे हात ठीक आहेत. तशीच त्याच्या मागोमाग गेले आणि पकडला झोका."

"आणि खांब?"

"सगळे उभे."

बाबांनी तिचे दोन्ही हात धरले आणि कापडाचा पोत पाहावा तसे उलटेसुलटे करून पाहत राहिले.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पंख्यांची जागा मोकळी ठेवा, वर्षातून एकदा धूळ काढा, गादी-उशीवर ठेवू नका, एवढे केलेत तरी आम्ही पुष्कळ वर्षे राबू. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. एखादे काम रोज एकाच जागी बिघडू लागले, तर स्वतःच्या हातांवर राग काढण्याआधी मला उलटे करून पाहा. मी चुकलो तर मला माफी मागता येत नाही. त्या मुलीची माफी तर मला अजून मागायची आहे.