लेफ्साचं पाणी

आमच्या गावात कुणाची तक्रार करायची असेल तर आधी ओव्हन तापवावा लागतो. मे महिन्याच्या शेवटी मी रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या केल्या, बारा वड्या ताटलीत मांडल्या, वर स्वच्छ फडकं टाकलं आणि फडक्याखाली चिठ्ठी सरकवली. चिठ्ठी तीनदा लिहिली. पहिलीत राग होता, दुसरीत टोमणा होता, तिसरीत दोन्ही नव्हतं, म्हणून तीच दिली. 'अर्डेल, लेफ्साला माझ्या पिओनी फार आवडतात असं दिसतं. तिला थोडं आवरता आलं तर बघा. घाई नाही. व्हर्ना.'

अर्डेल टोफ्टे माझा शेजारी. एकटा राहतो. तीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे अजूनही सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी घराबाहेर पडतो, जसं काही कोपऱ्यावर मुलं उभी आहेत. बरोबर लेफ्सा. नऊ वर्षांची कुत्री, पांढुरकी, अंगावर तव्यातल्या पोळीसारखे तपकिरी डाग, म्हणून नावही लेफ्सा, म्हणजे बटाट्याची नॉर्वेजियन पोळी. या वसंतात तिने एक नवीन खोड काढली होती. माझ्या अंगणात शिरलं की थेट पिओनीच्या फुलांच्या वाफ्याकडे यायचं आणि कडेच्या चपट्या दगडापाशी बसून मोकळं व्हायचं. गवत पिवळं पडलं, कडेच्या दोन झाडांची पानं करपली. त्यातल्या एकाने पहिलं फूल द्यायला चार वर्षं घेतली होती. मी काही संत नाही.

दुसऱ्या दिवशी ताटली धुऊन परत आली. रिकामी ताटली परत करायची नाही असा आमच्याकडे नियम, म्हणून सोबत काकडीच्या लोणच्याची बरणी आणि चिठ्ठीत एकच शब्द होता, 'कळलं.' प्रकरण मिटलं असं मला वाटलं. उगाच नाही मी तीनदा लिहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंग्या आल्या. पिओनीवर मुंग्या येतातच, कळ्यांना गोड चिकटा सुटतो. पण माझ्या कळ्या अजून हिरव्या वाटाण्याएवढ्या होत्या, घट्ट मिटलेल्या, आणि मुंग्या त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. रांग झाडांना वळसा घालून सरळ त्या चपट्या दगडाकडे चालली होती. लेफ्साच्या दगडाकडे. ती अजूनही तिथे बसत होतीच, फक्त आता थोडकं.

मी बत्तीस वर्षं गावाच्या पाणी तपासणीत काढली. माझा नवरा म्हणायचा, हिला देवाने नाकाच्या जागी भिंग बसवलंय. मी पाटावर बसून अर्धा तास ती रांग बघितली. मग आतून दोन फरशीचे तुकडे आणले. एकावर साधं पाणी शिंपडलं, दुसऱ्यावर साखरेचं, आणि दोन्ही दगडाच्या शेजारी ठेवले. दुपारी बघितलं तर साध्या पाण्याच्या तुकड्यावर एकही मुंगी नाही. साखरेच्या तुकड्यावर गर्दी, आणि लेफ्साच्या दगडावरही तेवढीच. मी तीन दिवस हा खेळ केला. तिन्ही दिवस तेच उत्तर.

कुत्रीच्या लघवीत साखर कुठून आली?

त्यानंतर मी लेफ्साकडे नीट बघायला लागले. आधी फक्त दगडाकडे बघत होते, हे मला कबूल केलं पाहिजे. ती वाळली होती. पाठीचा कणा उठून दिसत होता. त्याच संध्याकाळी तिने अर्डेलच्या हाताला हिसका दिला, माझ्या पक्ष्यांच्या पाण्याच्या कुंडाला पुढचे पाय लावले आणि अधाशासारखी पाणी पिऊ लागली. अर्डेलचा चेहरा लाल झाला. "पुरे, पुरे, चल," म्हणत त्याने तिला ओढून नेलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

सरळ त्याच्या दारात जाऊन सांगायचं होतं की तुमची कुत्री आजारी आहे. पण एका महिन्यात दोनदा एकाच माणसाच्या कुत्रीवरून बोलायचं म्हणजे आमच्याकडे कोर्टात खेचल्यासारखंच. आणि नुसत्या मुंग्यांच्या जोरावर बोलायचं? मला पुरावा हवा होता. औषधांच्या दुकानात लघवीतली साखर बघायच्या पट्ट्या मिळतात. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "आजी, तुमच्यासाठी का?"

"शेजारणीसाठी," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी लांब दांड्याची पळी उकळून घेतली आणि पिओनीच्या मागे उकिडवी बसले. लेफ्सा बसली की अर्डेल सभ्यपणे मान वळवून तळ्याकडे बघत उभा राहतो, हे मला माहीत होतं. ती आली, दगडापाशी बसली, मी झाडांतून पळी पुढे सरकवली. नेम छान बसला. पण पळी दगडावर टणकन वाजली.

"व्हर्नाबाई," अर्डेल अगदी शांतपणे म्हणाला. "ती पळी सुपाची ना?"

"होती," मी म्हणाले.

"अच्छा." त्याने पुन्हा तळ्याकडे बघितलं. "आज हवा बरी आहे."

"बरी आहे."

"पण माणसाने सकाळी सकाळी झुडपात बसावं इतकी काही बरी नाही."

मी उठले. गुडघे कडकडले. पट्टी पळीत बुडवली आणि घड्याळ बघितलं. निळसर चौकोन आधी हिरवा झाला, मग मातकट, मग गडद तपकिरी. डबीवरच्या रंगांत त्याच्या पुढे रंगच नव्हता. मी डबी त्याच्यासमोर धरली. "हिच्या लघवीत साखर आहे."

"पट्टी जुनी असेल," तो म्हणाला.

"काल घेतली."

"मग पळीला काहीतरी लागलं असेल. तुम्ही सुपात गाजर फार घालता."

"अर्डेल, पळी दहा मिनिटं उकळलीय. आणि माझ्या गाजराला नावं ठेवायची ही वेळ नाही." मी दुसरी पट्टी कुंडाच्या पाण्यात बुडवून दाखवली. ती निळसरच राहिली. तो दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरून किती तरी वेळ बघत राहिला.

"खाते किती?" मी विचारलं.

"दुप्पट. तरी बरगड्या हाताला लागतात."

"आणि पाणी?"

तो पट्टा हाताला गुंडाळत राहिला. एक वेढा, दोन वेढे. "पाणी मी आवरलंय," तो म्हणाला. "तुमची चिठ्ठी आली त्या दिवसापासून. सकाळी एक कप, संध्याकाळी एक कप. आत कमी गेलं की बाहेर कमी येईल."

मी लेफ्साकडे बघितलं. ती कुंडाकडे बघत होती.

"ती रिकामं भांडं चाटत बसते," तो पुढे म्हणाला. "जिभेचा आवाज येतो. मग मी टीव्ही मोठा करतो."

"अहो, दुसऱ्या वाटेने न्यायचं होतं तिला!"

"नेलं होतं, पोस्टाच्या बाजूने. तिला तिथपर्यंत धरवत नाही. दारातून बाहेर पडलं की पहिलं गवत तुमचंच."

"मग मला तसं सांगायचं!"

"तुम्हीही सांगू शकला असता," अर्डेल म्हणाला. "तुम्ही वड्या दिल्यात."

तोवर पट्टा ओढत लेफ्साने कुंड गाठलं होतं. या वेळी कुणी तिला ओढलं नाही. ती पीत राहिली, पीत राहिली, मग सगळं ओकली आणि तिचे मागचे पाय बसले. अर्डेलने तिला उचललं. एकेकाळची धष्टपुष्ट कुत्री त्याने बाजाराची पिशवी उचलावी तशी उचलली, इतकी ती हलकी झाली होती. मी तशीच, हातात पळी घेऊन, त्याच्या गाडीत जाऊन बसले.

प्राण्यांच्या डॉक्टर रौतियोबाई चाळीस मिनिटांवर. त्यांनी लेफ्साचे ओठ उचलून तोंडाचा वास घेतला, कानाला टोचून थेंबभर रक्त तपासलं. "मधुमेह," त्या म्हणाल्या. "बराच पुढे गेलाय. रक्त आंबायला लागलंय तिचं. तुम्हाला कळलं कसं?"

मी मुंग्यांचं सांगितलं, पळीचं सांगितलं. "छान. आम्ही लोकांना पळीच वापरायला सांगतो," त्या म्हणाल्या, आणि मला, देवा, क्षणभर अभिमान वाटला. मग त्यांनी विचारलं, "पाणी किती पिते?"

अर्डेलने दोन कप सांगितले. त्यांचं पेन थांबलं.

"साखर बाहेर टाकायला हिचं शरीर पाणी मागत होतं. त्यावरच ती तग धरून होती. किती दिवस असं चाललंय?"

"अठरा."

"असं करायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

अर्डेल फरशीकडे बघत होता. "कुणी नाही," तो म्हणाला. "माझंच डोकं."

मी शेजारीच उभी होते. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता, पण मी तो घेतला नाही. पुराव्यासाठी झुडपात बसणारी बाई मी, पण एक वाक्य बोलायची हिंमत नव्हती.

"वाचेल का?" अर्डेलने विचारलं.

"सलाईन लावते, इन्शुलिन सुरू करते. दोन दिवस गेल्याशिवाय काही सांगणार नाही."

ते दोन दिवस मी दवाखान्यात इतके फोन केले की तिथली मुलगी माझा आवाज ओळखून "अजून आहे, व्हर्ना" एवढंच सांगून ठेवायला लागली. दगड कोरडा पडला. मुंग्या एक दिवस आल्या, फिरल्या, मग आल्याच नाहीत. पिओनीच्या कळ्या तेवढ्यात फुगल्या, एकीला गुलाबी चीर पडली. एरवी मी ती तासातासाने बघितली असती. आता वाफ्याकडे पाठ करून बसत होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही लेफ्साला आणायला गेलो. डॉक्टरांनी इन्शुलिनच्या सुईचा सराव म्हणून संत्र्यात मिठाचं पाणी टोचायला शिकवलं. लेफ्साला खरी सुई सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, खाणं झाल्यावर, मानेमागची कातडी चिमटीत धरून. माझं संत्रं नीट भरलं. अर्डेलचं टेबलावर ठिबकत राहिलं. "आणि पाणी कायम समोर हवं," डॉक्टर म्हणाल्या. "दिवसरात्र."

परत येताना लेफ्सा माझ्या मांडीवर होती. तळं मागे पडलं तेव्हा मी म्हणाले, "डॉक्टरांसमोर मी बोलायला हवं होतं. चिठ्ठी माझी होती."

"हो," अर्डेल म्हणाला.

लेफ्साने माझ्या मांडीवर कूस बदलली.

"मला तुमचा राग आलाय, व्हर्नाबाई," तो म्हणाला. रस्त्यावरची नजर हलली नाही. "शेजाराच्या बावीस वर्षांत पहिल्यांदा. माझाही आलाय. कुणाचा जास्त ते कळत नाही."

"माझा जास्त धरा."

"बघतो," तो म्हणाला. "पण सातला या. माझ्या हातून ती सुई जायची नाही."

सातला मी गेले. लेफ्साने खाल्लं, मी सुई टोचली, तिला कळलंही नाही. मग अर्डेलने नवं भांडं काढलं, मोठं, काठोकाठ भरलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

ती भांड्यापाशी गेली. नाक पाण्याच्या बोटभर वर आणलं आणि थांबली. मान वळवून तिने अर्डेलकडे बघितलं.

"पी," तो म्हणाला.

तिची शेपटी हलली, पण तोंड खाली गेलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, चांगल्या वळणाच्या कुत्रीसारखी, तो कधी ओरडतो याची वाट बघत. अठरा दिवसांत ती हेच शिकली होती, आणि शिकवणारे आम्ही दोघं होतो.

अर्डेल जमिनीवर बसला. सत्तर वर्षांच्या माणसाला खाली बसायला वेळ लागतो. त्याने ओंजळ पाण्यात बुडवली आणि तिच्या तोंडाशी धरली. "पी ग, बाय माझी. सगळं तुझंच आहे."

तिने आधी त्याची बोटं चाटली. मग तळवा. ओंजळ संपली की तो पुन्हा भरायचा. सहाव्या की सातव्या ओंजळीला तिने स्वतः भांड्यात तोंड घातलं, आणि तरी अर्डेल हात पाण्यातून काढेना.