भाडेकरूंची परीक्षा

टाळांच्या दोन वाट्यांमध्ये जुनं फडकं कोंबलेलं होतं—वाजू नयेत म्हणून, अगदी घट्ट. लातूरच्या घरातली फळी पुसता पुसता अंबिका थांबली. अप्पांचेच, तिच्या वडिलांचे टाळ. वर्षभर ती परदेशात गावोगावचे संगीतोत्सव पाहत हिंडली होती—समाजाला गाणं कशाला लागतं, आणि कचऱ्याचे ढीग न लावता, शेजाऱ्यांची झोप न मोडता उत्सव पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कसा, हाच तिचा अभ्यास... आणि तिकडच्या एका सभागृहात तिनं सांगितलं होतं, की मी लहान असताना भूकंपात आमचं गाव गेलं, आणि माझ्या वडिलांचं भजन कायमचं थांबलं. लोकांनी डोळे पुसले होते. तिनंही.

आता सोमवारी, नव्यानं वसलेल्या त्या गावात जत्रा. पंगतीला पत्रावळीच, कर्णे नकोत—कुरकुरत का होईना, गावानं तिचं सगळं ऐकलं. पण कर्ण्याशिवाय भजन धरायला अप्पांचा खडा आवाज हवा, आणि अप्पा नुसतं ‘बघू’ म्हणत होते. त्यांचं दुःख उकरायचं कसं? आठवडाभर ती शब्द जुळवत होती. आज शेंगा फोडत बसलेल्या अप्पांसमोर एकदम बोलून गेली.

“अप्पा, तुमचं गाणं भूकंपातच गेलं ना...”

“भूकंपात?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “त्येच्यानंतर पत्र्याच्या शेडात ऱ्हायलो, तिथं तर रोज गात होतो की! अख्खी आळी बसायची. बंद झालं ते लातुरात आल्यावर. वर ही क्लासची पोरं ऱ्हातेत, बारावीचं साल असतंय त्येंचं. हूं की चूं करू वाटत न्हाई.”

“मग सोमवारी?”

“लई वर्षं तोंड उघडलं न्हाई, बाई. गळा साफ केल्याबिगर चौघांत उभं ऱ्हावं कसं? अन् करावा कुठं? गल्लीत घरोघर पोरं हायत.”

आधी तिला लाज वाटली, मग हसू फुटलं... एवढी वर्षं जिला मी जखम समजत होते, ती नुसती भीड! दुःखानं नव्हे, भाडेकरूंच्या भिडेनं गप्प राहिलेला माझा बाप... तिला फार हलकं वाटलं.

वर पोरांच्या खोलीकडं जिना चढताना मात्र ती पुन्हा शब्द जुळवू लागली. परक्या देशात भरल्या सभेपुढं न डगमगलेली मी, या मिसरूड फुटलेल्या पोरांना काय सांगणार? परीक्षा तोंडावर आलेली. नाही म्हणाले तर त्यांचंही काही खोटं नाही. संध्याकाळचा अर्धा तास, बस्स... आत कुणीतरी सूत्रं घोकत होतं, एकाच चालीत. बापाला त्याच्याच घरात गाऊ द्या म्हणून विनवायला आलोय आपण—आणि राग कसा तो येत नाहीये. भूकंपाचं दुःख समजत होती तोवर कुणाकडं मागण्यासारखं काही नव्हतंच. आता होतं, आणि नकाराची धास्तीसुद्धा तिला गोड वाटत होती.