हळद पिणारी टाकी

मी एक जुनी टाकी आहे. गच्चीवरची नव्हे, एवढा मान मला कुठला! अंधेरीला, मरोळमध्ये राहणाऱ्या सहदेवच्या जुन्या गाडीत, चाकाच्या वर, मडगार्डच्या आत मी बसते. मित्रांनो, इंजिन तापलं की फुगलेलं पाणी माझ्याकडे येतं, निवलं की परत जातं. एवढंच माझं काम.

आज शेजारचा अंबादास मला काढायला बसला आहे. मी लगेच दिसणार नाही. तोवर ऐका.

चाक निघालं.

मी विलायतेत जन्मले. दुधासारखी पांढरी होते. अंगावर दोन रेघा: पाणी हिच्या खाली नको, तिच्या वर नको. कारखान्यातल्या बाईने त्यांवरून अंगठा फिरवला. मग मला अशा जागी बसवलं, की त्या रेघा पुन्हा कुणी पाहिल्या नाहीत.

गिरणीतली नोकरी सुटल्यावर सहदेव ही गाडी भाड्याने फिरवू लागला. नवरदेव, बाळंतिणी, गणपती, सगळे आमच्यातून गेले. लोक गाडीच्या रंगाचं कौतुक करत.

आतला पत्रा निघाला.

ही माझी चीर. गाडीखाली ठिपके दिसले, तेव्हा सहदेवने बायकोकडून, रत्नप्रभाकडून, मूठभर हळद आणून इंजिनच्या पाण्यात टाकली. हळद फुगून चिरेत बसली. गळती थांबली, पुन्हा सुरू झाली. पुन्हा हळद. अशी किती वर्षं गेली.

काल ठरलं, रत्नप्रभाच्या आईला डोळ्यांच्या ऑपरेशननंतर गावी सोडायचं. वाटेत कशेडीचा घाट. तिथे पाणी संपलं तर इंजिन जळणार, आणि घर तर या गाडीवरच चालतं.

"हळद दे गो," सहदेव म्हणाला.

"नाही देणार."

"संपली?"

"डबा भरलाय. पण मागे आई बसणार आहे. घाटात बंद पडली तर ती धक्का मारेल का?"

"इतकी वर्षं चाललीच ना?"

"चालली नाही, मी चालवली. माझ्या डब्यातून."

सहदेव अंबादासला हाक मारायला गेला.

नळी निघाली.

उजेड!

"वहिनी, ही टाकी कुठली? लोणच्याची बरणी आहे!" अंबादास ओरडला. सगळे हसले. खरं सांगू? मलाही बरं वाटलं.

असली टाकी इथे मिळत नाही. अंबादास पत्र्याचं काम करतो. माझ्या मापाने पितळेची बनवतो म्हणाला. माप घेताना त्याचा अंगठा त्या दोन रेघांवर थांबला. कारखान्यातल्या त्या बाईनंतर पहिल्यांदाच.

"बसवू तिथेच?" त्याने विचारलं.

"तिथे नको. बोनेट उघडलं की माझा हात पोचला पाहिजे," रत्नप्रभा म्हणाली.

नवी टाकी बोनेटखाली बसली. आता मी घराच्या खिडकीत आहे. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. माझे दिवस भरले होते, आणि हळद घालून ते कुणी वाढवायला नको होते. पण तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल, जिच्यापर्यंत हात पोचत नाही. तिला एकदा उजेडात आणून पाहा.

निघायच्या सकाळी रत्नप्रभाने बोनेट उघडलं, नव्या टाकीचं झाकण काढून ती आत डोकावली. "भरलंय. चला."

मागून आई म्हणाली, "हळद घेतलीस ना गो?"

"घेतली. स्वैपाकापुरती."

गाडी गेली. ती उभी होती तिथली जमीन मी खिडकीतून पाहिली. कोरडी होती.