एकाहत्तर नंबरची किंमत

मुलीच्या घरी जायचं म्हणून आतिफनं नवा शर्ट घातला होता आणि काम दाखवायचं म्हणून लॅपटॉप घेतला होता. शर्टाकडं कुणी बघितलंच नाही.

जवळा बाजारच्या त्या ओसरीवर अल्लाबक्ष चाचा बसले होते. चाळीस वर्षं बैलांची दलाली केलेला माणूस. महेजबीन त्यांची एकुलती एक पोरगी. तिला आलेली दोन स्थळं त्यांनी आधीच परत पाठवली होती. त्यातला एक जण तर फाटकापासून ओसरीपर्यंत चालत आला तेवढ्यातच नापास झाला होता. ही गोष्ट माहीत असल्यामुळं आतिफ फाटकातून आत आला तो इतका जपून चालत आला, की चाचांच्या बायकोनं, फातिमाबींनी, आधी विचारलं, "पायाला लागलंय का बाबा?"

"न्हाई चाची, सवय आहे," आतिफ म्हणाला, आणि हे त्याहून वाईट झालं असं त्याच्या लगेच लक्षात आलं.

सोबत त्याचा चुलतभाऊ शाकीर होता. वारंगा फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान. आतिफपेक्षा दोनच वर्षांनी मोठा, पण आज वडीलधारा म्हणून आला होता आणि त्यासाठी त्यानं टोपी घातली होती. मोटारसायकलवर तो रस्ताभर एकच गोष्ट सांगत आला होता. "चाचा काय पण म्हणू दे, आपण व्हय म्हणायचं. सूर्य मावळतीला उगवतो म्हणाले तरी व्हय. निकाह झाल्यावर उगवू दे कुठून उगवायचा तिथून."

आतिफचं काम समजावून सांगणं अवघड होतं. हिंगोलीत एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर हॉल आहे. तिथं बारा पोरंपोरी बसून अमेरिकेतल्या फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाच्या, मॅचेस बघतात आणि कोण कुठं उभा होता, कोण पडला, कुणी पाडला याच्या नोंदी करतात. त्या नोंदींवरून अमेरिकेत कुणीतरी ठरवतं, की कोणता खेळाडू ठेवायचा आणि कुणाला घरी पाठवायचं. हिंगोलीतल्या बारा जणांनी आजवर किती अमेरिकन घरी बसवले हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण शनिवारी हॉलचं शटर ओढताना जरा भारदस्त वाटायचं.

महेजबीनही त्याच हॉलमध्ये होती. बाकीच्यांच्या नोंदी तपासणं हे तिचं काम. दोन वर्षं ती आतिफच्या नोंदी लाल खुणा करून परत पाठवत होती. आधी चुका आपोआप व्हायच्या. मग तो एखादी मुद्दाम ठेवायला लागला. एक दिवस तिनं लाल रंगात लिहिलं, 'ही चूक चुकून झालेली वाटत नाही.' तिथून पुढं सगळं सुरू झालं. घरी बापानं विचारलं, पोरगं कसं आहे, तर ती म्हणाली होती, "शंभरातलं ब्याण्णव काम बराबर असतं, अब्बा."

"आन् आठाचं काय?" बाप म्हणाला होता. त्या आठासाठीच आज बोलावणं होतं.

"दाखवा मियाँ, काय करता ते," चाचा म्हणाले.

आतिफनं लॅपटॉप उघडला. महेजबीन दाराशी खुर्ची घेऊन बसली, तपासायला बसावं तशी. पडद्यावर पाच धिप्पाड माणसं ओणवी झाली, समोर तशीच आणखी काही. मागं एक जण उभा.

"चाचा, हा मागचा चेंडू फेकणार. समोरचे त्याला पाडायला येणार. हे पाच जण त्यांना अडवणार. बास. मधला तेवढा चेंडू मागं सरकवतो, बाकी यांनी चेंडूला हातसुद्धा लावायचा न्हाई."

"वजन?"

"दीडशे किलो एकेक."

फातिमाबी चहा घेऊन आल्या होत्या, त्या थबकल्या. "यांना वाढतं कोण?"

चाचा पडद्याला नाक लागेल इतके पुढं झाले. बराच वेळ बघून म्हणाले, "यांच्या तोंडात रबर काहून घातलंय?"

"दात तुटू नयेत म्हणून."

चाचा शाकीरकडं बघून हसले. चाळीस वर्षांच्या बाजाराचं हसू होतं ते. "दात लपवून राहिले मियाँ. बाजारात कुणी बैलाचं तोंड धरून उभं राहिलं, की समजायचं सहा दाती तरणा म्हणून जुळलेला म्हातारा खपवून राहिला."

"व्हय चाचा, लपवूनच राहिले," शाकीर तत्काळ म्हणाला.

आतिफनं मध्ये वय दाखवून बघितलं. चाचांनी ते मानलं नाही. कागदावर लिहिलेलं वय कुणाचंही असू शकतं, त्यांचं स्वतःचंही तीन ठिकाणी तीन होतं.

"यातले डावीकडचे दोघं बघा," आतिफ म्हणाला. "बाहेरचा एकाहत्तर नंबर, आतला चौसष्ट नंबर. आमी दोघांचा पूर्ण हंगाम मोजला. एकाहत्तरनं एकोणीस वेळा समोरचा माणूस सोडला. चौसष्टनं फक्त सहा वेळा. म्हणून चौसष्टची किंमत जास्त. शंभरात त्याला पंच्याऐंशी, एकाहत्तरला साठ."

"पुन्हा लावा."

आतिफनं पुन्हा लावलं. चाचांनी अकरा वेळा पुन्हा लावायला लावलं. ते तोंडाकडं बघत नव्हते, चेंडूकडं तर नाहीच, फक्त पायांकडं बघत होते.

"उलटं आहे," शेवटी ते म्हणाले. "हा बाहेरचा ओढून राहिला. आतला नुसता मान हलवून राहिला. बघा, हा आधी आतल्याच्या माणसाला खांदा देतो, मग पळत आपल्या माणसाकडं जातो. जोडीत एक बैल असा असतो, शेजारच्याचं ओझं घेतो. लोकं बिनघामाच्या बैलाला चांगला म्हणतात. एकाहत्तरला नव्वद. चौसष्ट मला फुकट नको."

शाकीरनं आतिफच्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. आतिफच्या डोळ्यांपुढं महेजबीन होती, दोन वर्षांच्या लाल खुणा होत्या आणि फाटकातून परत गेलेली ती दोन स्थळं होती.

"तुमचं बराबर आहे चाचा," तो म्हणाला. "नव्वदच."

चाचांनी त्याच्याकडं बघितलं आणि ते मागं टेकले. चहा हातात घेतला. मग यंदा सोयाबीन कसं आहे, हे त्यांनी शाकीरला विचारलं. शाकीरला सोयाबीनमधलं काही कळत नव्हतं, तरी तो खूश झाला. आतिफ झाला नाही. बोलणं सोयाबीनवर गेलं म्हणजे हे स्थळही परत गेलं, ते त्याला कळलं होतं.

"आतिफ," दारातून आवाज आला. महेजबीननं आवाज अजिबात चढवला नव्हता. ऑफिसात असतो तोच होता. "टेप न बघता शेरा बदलला."

त्यांच्या हॉलमध्ये मॅचच्या चित्रणाला टेप म्हणत, आणि याहून मोठा गुन्हा तिथं नव्हता. आकडा चुकला तर लाल खूण होते, पण टेप न बघता शेरा बदलला तर माणूस घरी जातो.

आतिफचे कान तापले. त्यानं शाकीरच्या पायाखालून आपला पाय काढून घेतला.

"चाचा, माफ करा. मी खोटं बोललो. नव्वद न्हाई."

"या अल्ला," शाकीर हळूच म्हणाला.

"काहून न्हाई?" चाचांनी कप खाली ठेवला.

"एक मिनिट." आतिफनं नोंदी उघडल्या. "एकाहत्तर तीन मॅच दुखापतीनं बाहेर होता. आता बघतो, त्या तीनमध्ये चौसष्टनं किती माणसं सोडली." त्यानं एकेक ओळ मोजली. "चार. सहापैकी चार त्याच तीन मॅचमध्ये. म्हणजे खांद्याचं तुमचं बराबर आहे. हे मी बघायला पाहिजे होतं."

"मीपण," महेजबीन म्हणाली.

"मग नव्वद काहून न्हाई?"

"कारण एकाहत्तरनं सोडलेल्या एकोणीसपैकी बारा मॅचच्या शेवटच्या पाळीत आहेत. दम सुटतो त्याचा. तुमी सकाळचा बैल बघून राहिले चाचा. दुपारी चारचा बघा." आणि त्यानं न विचारता शेवटच्या पाळीतला तुकडा लावला. एकाहत्तर नंबर उठला, एक पाय ओढत उभा राहिला, आणि समोरचा माणूस त्याला वळसा घालून गेला, आपण खांबाला घालतो तसा.

चाचा बघत राहिले. कुणाला तरी आठवत होते, कदाचित माणूस, कदाचित बैल. "पाय टाकून राहिलं लेकरू," ते म्हणाले. दीडशे किलोचं लेकरू.

"पासष्ट," आतिफ म्हणाला.

"असं तोंडानं न्हाई." चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढला. "तोंडानं सांगितलेला आकडा माणसाला मागं घेता येत न्हाई, चारचौघांत लाज वाटते. म्हणून आमी रुमालाखाली हात घालतो. एक बोट म्हणजे दहा. पाचाच्या वर गेलं, की पुन्हा पहिल्या बोटापासून. सुटे पेरानं, नखानं. द्या हात."

रुमालाखाली चाचांचा हात कोरड्या चामड्यासारखा होता. त्यांनी आतिफची आठ बोटं दाबली. आतिफनं त्यांची सात. चाचांनी बोटाचं अर्धं पेर दाबलं, आतिफनं नुसतं नख. शाकीर रुमालाकडं बघत होता आणि त्यातून काही कळत नसल्यामुळं घामाघूम झाला होता. फातिमाबी म्हणाल्या, "चहा थंड होतोय," आणि दोघांनी ऐकलं नाही. दहाएक मिनिटं समुद्रापलीकडच्या एका माणसाचं भवितव्य जवळा बाजारच्या एका रुमालाखाली वरखाली होत होतं, आणि तो बिचारा तिकडं झोपला असेल.

शेवटी शहात्तरवर दोघांचे हात थांबले.

"शहात्तर," चाचा मोठ्यानं म्हणाले. "आन् चौसष्टला?"

"एकाहत्तर शेजारी असला तर सत्तर, नसला तर पन्नास," आतिफ म्हणाला.

महेजबीननं होकारार्थी मान हलवली. दोन वर्षांत तिनं लाल खूण न करता मान हलवण्याची ही पहिलीच वेळ.

आतिफ हात काढायला गेला, पण चाचांनी सोडला नाही. त्यांनी त्याची चार बोटं दाबली आणि थांबले. आतिफ गोंधळला. चाळीस कुणाला? कोणता नंबर?

चाचा पुढं वाकले आणि फक्त त्याला ऐकू येईल असं म्हणाले, "माणसं. पुढच्या जुम्म्याला बोलणीला किती येणार? घर लहान आहे. चार बास."

आतिफच्या छातीत काहीतरी जोरात आदळलं, साधारण दीडशे किलोचं. वडील, आई, मामू, तो स्वतः. चार बराबर होते. मग त्यानं शेजारी टोपीनं घाम पुसणाऱ्या शाकीरकडं बघितलं, आणि चाचांची पाच बोटं दाबली.

चाचांनी चार दाबली. आतिफनं पाच. चाचांनी शाकीरला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, पायसुद्धा बघितले, आणि पुन्हा चार दाबली. आतिफनं पाचवं बोट धरलं ते सोडलंच नाही.

"काय चाललंय?" शाकीरनं घाबरून विचारलं. "ठरलं ना शहात्तर? आता कुणाचं चाललंय?"

"थांब भाई," आतिफ म्हणाला. "टेप बघून राहिलो."

चाचा हसले आणि त्यांनीही आतिफचं पाचवं बोट दाबलं.