पत्र्याखाली शंभर अंश

कूलर निवडायला मला बावीस दिवस लागले. नवरा निवडायला दोन भेटी पुरल्या होत्या, आणि त्यातल्या एका भेटीत तर तो काही बोललाच नव्हता.

हा कूलर म्हणजे कॉम्प्युटरच्या आत प्रोसेसरवर बसतो तो. घोटावड्यात सासरच्या घराच्या गच्चीवर एक पत्र्याची खोली आहे. तिथे बसून मी बंगल्यांचे व्हिडिओ बनवते. बंगल्याचा अजून चौथराही झालेला नसतो, पण माझ्या व्हिडिओत त्याच्या खिडकीतून सकाळचं ऊन आत येतं आणि सोफ्यावर पडतं. कासार आंबोलीकडे असे बंगले बांधणाऱ्या आर्किटेक्ट दीपमाला मॅडमनी मला पहिल्यांदाच मोठं काम दिलं होतं. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, सोमवारी सकाळी दहाच्या आत. पसंत पडला तर वर्षभराची त्यांची सगळी कामं माझ्याकडे येणार होती.

आणि नाही जमलं तर माझी खोली जाणार होती. सासूबाईंनी, म्हणजे सगुणाबाईंनी, हे फेब्रुवारीतच सांगून ठेवलं होतं. उरवड्याच्या कारखान्यांत कामाला येणारी माणसं खोल्या शोधत आमच्यापर्यंत येतात. खालच्या चार खोल्या भाड्याने गेल्या आहेत. वरची पाचवी त्यांच्या लेखी रिकामी होती. मी रोज आठ तास तिच्यात बसते, तरी रिकामी. मेअखेरपर्यंत तुझं बस्तान बसलं तर बसलं, नाहीतर जूनपासून भाडेकरू ठेवायचा, असं ठरलं होतं.

खाली हॉलमध्ये बसून काम करून पाहिलंय मी, एक अख्खं वर्ष. समोर टीव्ही, मागे देव्हारा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला चहा. तिथे मी सगळ्यांची असते. वरच्या खोलीत मे महिन्यात भाजून निघते, पण तिथे मी कुणाचीच नसते, आणि ते मला फार आवडतं. ती खोली मला हवी होती. तिच्यासाठी मी कुणाशीही भांडले असते, पण सासूबाई भांडत नाहीत. त्या गप्प बसतात, आणि गप्प बसणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं ते मला अजून जमलेलं नाही.

अडचण होती ती तासांची. नकाशे गुरुवारी रात्री पक्के होऊन येणार होते. व्हिडिओतलं एकेक चित्र कॉम्प्युटर स्वतः रंगवत बसतो आणि त्याला त्याच्या नेहमीच्या वेगाने शहात्तर तास लागणार होते. शुक्रवार दुपारपासून सोमवार दहापर्यंत सदुसष्ट-अडुसष्ट तास भरतात. म्हणून ओव्हरक्लॉकिंग. प्रोसेसरला कंपनीने जो वेग ठरवून दिलाय त्याच्यापुढे पळवायचं. तो पळतो, पण तापतो. माझा तर नेहमीच्या वेगातच ब्याण्णव अंशांवर जायचा. त्याच्या डोक्यावरचा पंखा तळहाताएवढा, आणि माझ्या डोक्यावर पत्रा.

मग बावीस दिवस मी माणसांतून उठले. पोळी लाटताना कूलर, अंघोळ करताना कूलर. लिक्विड कूलर घ्यावा तर त्यात पाण्याच्या नळ्या आणि पंप. तो गळला तर मशीनच संपलं. माझा नवरा प्रदीप उरवड्यात मेंटेनन्सला आहे. त्याने पाणी आणि करंट एका डब्यात कोण ठेवतं, एवढंच विचारलं आणि तो जेवायला बसला. हवेचा घ्यावा तर दोन पंख्यांचा मोठा टॉवर हवा, आणि तो कॅबिनेटमध्ये मावला पाहिजे. शिलाईच्या टेपने मी कॅबिनेट सहा वेळा मोजलं, आणि सहाही वेळा आकडा वेगळा आला. इंटरनेटवर पाहावं तर सगळे परीक्षक एकवीस अंशांच्या खोलीत बसलेले. एकवीस अंश आमच्याकडे डिसेंबरात असतात, तेही पहाटे. यांच्या शिफारशी घेऊन मी काय करू? शेवटी टॉवरच मागवला. कॅबिनेटमध्ये तो दोन मिलिमीटर राखून मावणार होता, टेप खरं बोलत असेल तर.

कूलर शुक्रवारी सकाळी दहाला आला. त्याचं बूड आरशासारखं चकचकीत होतं. त्यावर चिकटलेलं पारदर्शक प्लास्टिक मी पहिल्या झटक्यात सोलून काढलं आणि टेबलाच्या कडेला चिकटवलं.

या प्लास्टिकाबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढत नाहीत. टीव्हीचा रिमोट सहा वर्षं पिशवीत आहे. त्याचं बटण दाबायला अंगठ्यात जोर लागतो. खुर्च्यांवरचं प्लास्टिक उन्हाळ्यात मांड्यांना चिकटतं आणि उठताना कातडं सोलल्यासारखं होतं. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी हौसेने फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक काढलं, तर सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भाड्याच्या खोल्यांत मात्र त्या हे करत नाहीत. तिथला पंखा, तिथला नळ, काहीही असो, ते वापरायचं सामान. प्लास्टिक फक्त घरच्या वस्तूंना. माझ्या खोलीत त्यांनी तीन वर्षांत कशालाही कधी काही गुंडाळलं नव्हतं, आणि त्याचा अर्थ मला कळत होता.

बाराच्या सुमारास जुना पंखा उतरवून मी प्रोसेसर पुसला, कूलर टेबलावर उलटा ठेवला आणि तेवढ्यात दीपमाला मॅडमचा फोन आला. गच्चीवर रेंज तुटते, म्हणून खाली रस्त्यावर गेले. बाल्कनीचं रेलिंग काळं की करडं यावर अर्धा तास गेला. परत आले तर जिन्यात सासूबाई, आणि त्यांच्यामागे शर्ट खोचलेला एक माणूस. शेखर म्हणून कुणी, उरवड्याला सुपरवायझर होता. त्याने मला नमस्कार केला. खोली बघायला आला होता हे विचारायचीही गरज नव्हती. सासूबाई माझ्याकडे न बघता खाली गेल्या.

अजून मे संपला नव्हता. मला तीन दिवससुद्धा द्यायचे नव्हते यांना. त्याच रागात मी प्रोसेसरवर उष्णता कूलरपर्यंत नेणारी पेस्ट लावली, कूलर उचलून बसवला आणि चारही स्क्रू दात-ओठ खात आवळले.

जोडाजोड, वायरी, सेटिंगं करताकरता अडीच वाजले. मशीन नुसतं सुरू केलं तर एकसष्ट अंश. काही काम नसताना. वेग वाढवून चाचणी लावली. सत्तर, अठ्ठ्याऐंशी, शंभर. आठ सेकंदांत मशीन स्वतःहून बंद पडलं.

स्क्रू सैल केले. स्क्रू आवळले. पंखे उलटे बसलेत का पाहिलं, ते सुलटेच होते. कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावला. शंभर. प्रदीपला फोन केला, तो म्हणाला परत पाठव. सोमवारी काय देऊ, तुझा फोटो? असं विचारून मी फोन ठेवला. बारदानं भिजवून पत्र्यावर टाकली. त्यासाठी बादल्या घेऊन पाच वेळा जिना चढले. खोली तीन अंशांनी निवली, प्रोसेसर ढिम्म. मग मी एकवीस अंशांतल्या त्या सगळ्या परीक्षकांना शिव्या घातल्या, विकणाऱ्याला घातल्या आणि उरलेल्या त्या शेखरला घातल्या, जो जूनमध्ये इथे झोपणार होता आणि माझ्या खिडकीत चड्ड्या वाळत घालणार होता.

पाच वाजता मी कूलर उपसून काढला. खराबच आहे, परत पाठवायचा, एवढंच डोक्यात होतं. बूड पुसायला गेले तर पेस्ट बोटाखाली सरकली आणि तिच्यासकट एक पातळ पापुद्रा वर आला.

प्लास्टिक.

मी टेबलाच्या कडेकडे पाहिलं. कडा रिकामी होती. सकाळी मी काढलेलं प्लास्टिक कुणीतरी परत लावलं होतं, आणि कसं, तर एक बुडबुडा नाही, चारही कोपरे नखाने दाबून बसवलेले. असं प्लास्टिक बसवणारी एकच व्यक्ती या घरात आहे.

तो पापुद्रा हातात धरून मी जिना उतरले. काय काय बोलायचं ते सगळं तयार होतं, सात वर्षांचं. सासूबाई पडवीत कैऱ्या फोडत बसल्या होत्या. मी प्लास्टिक त्यांच्यासमोर धरलं.

"आई, हे तुम्ही लावलंत?"

"व्हय," त्या म्हणाल्या. विळीवरचा हात थांबला नाही. "त्या मानसानं बोटं लावली की त्याला. खोली बघाया आलता का वस्तू हाताळाया? मी पदरानं पुसली आन् लावून टाकलं. नवी वस्तू हाय, चरा पडला म्हंजी?"

जिन्यावर तयार केलेलं सगळं तोंडापाशी आलं होतं. पण मी विचारलं ते भलतंच.

"तो कधी येतोय राहायला?"

"कोन? त्यो?" आता त्यांनी मान वर केली. "त्याला तितंच सांगितलं, दुसरीकडं बघ म्हनून. वर आमच्या सुनंचं काम चालतंय. एवढं लोखंड, वायरी, टीवी मांडलाय तिनं. ती कुटं जाईल समदं घेऊन?"

दुपारी एकला खोली माझी झाली होती आणि पाचपर्यंत मी तिच्यासाठी बादल्या घेऊन जिना चढत होते. हे सांगितलं का नाही मला? पण त्या सांगत नाहीत. प्लास्टिक लावतात. मला रडू आलं आणि रागही तेवढाच आला, कारण त्या प्लास्टिकाने माझी दुखरी नस दाबली होती, आणि ते त्यांना कळणारही नव्हतं.

मी त्यांना एवढंच सांगितलं की हे काढावं लागतं, नाहीतर मशीन तापून बंद पडतं. त्या विळी आडवी करून उठल्या आणि माझ्यामागून वर आल्या. मी बूड पुसलं, नवी पेस्ट लावली, कूलर बसवला. बॅटरीचा उजेड त्यांनी धरला. चाचणी लावली आणि आकडा एकोणऐंशीवर जाऊन थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, एकोणऐंशीच. पावणेसहाला काम सुरू केलं. चौसष्ट तास हातात होते आणि मशीन त्रेसष्ट सांगत होतं.

सासूबाई माझ्या खुर्चीवर टेकल्या. या खोलीत त्या कधी बसल्या नव्हत्या. एकोणऐंशी म्हणजे चांगलं का, असं त्यांनी विचारलं. मी चांगलं म्हटलं. मग टेबलावरचा तो पेस्टने माखलेला पापुद्रा उचलून त्या पदराच्या टोकाने पुसत राहिल्या, उघड्या कॅबिनेटकडे, त्या चकचकीत टॉवरकडे बघत.

"काडावंच लागतं का गं?"

"हो, आई."

"मंग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. पापुद्र्याची घडी घालून त्यांनी ती माझ्या टेबलाच्या खणात ठेवली, आणि खण हळूच लावला.