ओसरीत वाजलेला फोन

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. बोदलकसा तलावाजवळच्या एका गावात, हिरालाल नावाच्या शेतकऱ्याच्या घरी राहतो. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि बॅटरी कशीबशी दुपारपर्यंत टिकते. त्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

तिरोड्याच्या दुकानातून मी या घरात आलो, तेव्हा माझे फार कौतुक झाले. धानाचा भाव, पावसाचा अंदाज, नातेवाईकांचे फोटो, सगळे माझ्याकडेच. हिरालाल यांची मुलगी चेतना नववीत शिकते. तिला फिट येण्याचा आजार आहे. रोज ठरल्या वेळी गोळी घेतली तर त्रास होणार नाही, मात्र गोळी चुकवायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. घरच्यांनी ही गोष्ट गावात कुणाला कळू दिली नव्हती.

गोळीची आठवण राहावी म्हणून चेतनाने माझ्यात एक फुकटचे अ‍ॅप घेतले. त्याने नाव, नंबर आणि आजार विचारला. नावाच्या जागी तिने गमतीने ‘चेतनाराणी’ लिहिले. पुढे त्याने ज्या परवानग्या मागितल्या, त्या सगळ्या देऊन टाकल्या. मी रोज घंटी वाजवायचो, ती गोळी घ्यायची. कितीतरी महिने फिट आली नाही. मला वाटे, या मुलीला मीच सांभाळतो आहे.

रोवणीचे, म्हणजे धान लावायचे दिवस आले. शेतातल्या बांधीतून आलेल्या बाया ओसरीत जेवत होत्या, तेवढ्यात मी वाजलो. हिरालाल यांचे हात चिखलाने माखलेले होते.

“चेतना, स्पीकरवर टाक वो,” ते म्हणाले.

“चेतनाराणी जी के घर से?” माझ्यातून गोड आवाज निघाला. “मिर्गी के मरीजों के लिए हमारे यहाँ खास इलाज है...”

सगळ्यांचे हात ताटातच थांबले. चेतनाने भाताचे भांडे खाली ठेवले आणि ती आत निघून गेली. कुणीतरी मला घाईने बंद केले, पण बोलायचे ते मी बोलून बसलो होतो.

“काऊन लपवून ठेवली बाई येवढी गोष्ट?” बायांमधली रुख्मा चेतनाच्या आईला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रुख्माची मुलगी रेणू शाळेत जाताना चेतनासाठी थांबली नाही. घरात हिरालाल बायकोवर चिडले. “तूच कोणाले सांगतलं असशील, सावित्री!” सावित्रीबाई रडत राहिल्या. चेतनाने ते अ‍ॅप काढून टाकले. गोळी घेतली असे आईला सांगून ती गोळी फेकून देऊ लागली. आजार नाहीच, असे तिला स्वतःला पटवायचे होते. मी खिडकीत पडून हे पाहत होतो. माझ्यात घंटी उरली नव्हती.

मग एका सकाळी हातपंपाजवळ तिला फिट आली. कपाळ फुटले. तिरोड्याच्या दवाखान्यात टाके पडले.

तिची चुलत बहीण प्रेमिला गोंदियात कॉम्प्युटर शिकते. ती भेटायला आली आणि सगळे ऐकून म्हणाली, “तुले चेतनाराणी कोण म्हणते?”

“कोणीच नाही. म्या त्या अ‍ॅपमध्ये लिहिलं होतं.”

“मंग त्या अ‍ॅपनंच तुहं नाव, नंबर अन् आजार बाहेर देला,” प्रेमिला म्हणाली. हिरालाल यांनी मान खाली घातली. “सावित्री, माहं चुकलं,” ते हळूच म्हणाले. मला मान असती, तर मीही खाली घातली असती.

प्रेमिलाने माझ्यात दुसरे अ‍ॅप टाकले. “हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. हे आतून काय करते, ते कोणीबी उघडून वाचू शकते. अन् हे इंटरनेटची परवानगी मागतच नाही. तुही गोष्ट याच फोनात राहीन.”

“तू वाचलं सगळं?” चेतनाने विचारले.

“सगळं नाही वाचलं. पण वाचाले कोणाले मनाई नाही. लोकायनं काढलेल्या चुका बी इथंच लिहून आहेत. उघडं आहे म्हणून आपोआप चांगलं, असं नाही. पाहणारे लागतात. पण पहिल्यात तर पाहताच येत नव्हतं.”

“अन् जे बाहेर गेलं?”

“ते वापस नाही येत, चेतना.”



कपाळाची पट्टी निघाल्यावर चेतना स्वतःच रेणूच्या घरी गेली. मी तिच्या दप्तरात होतो.

“मले फिट येते,” ती सरळ म्हणाली. “आली तर मले कुशीवर कर. तोंडात काही घालू नको. अन् थांब माह्याजवळ.”

रेणूने तिच्या कपाळावरचा व्रण पाहिला. मग म्हणाली, “मले भेव लागला होता वो. सायकल काढू का? संगंच जाऊ शाळेत.”

मित्रांनो, तीच गोष्ट माझ्यातून निघाली, तेव्हा ही मुलगी घरात लपली होती. स्वतः सांगितली, तेव्हा तिला मैत्रीण परत मिळाली. कुणाला, कधी आणि किती सांगायचे, हे ठरवणे तिच्या हाती होते. मी ते तिच्याकडून काढून घेतले आणि मला ते कळलेही नाही. म्हणून विनवतो, माझ्यासारख्याच्या काचेवर ‘हो’ दाबण्यापूर्वी विचारा, याला हे कशाला हवे? याच्या आत कुणाला पाहता येते का? उत्तर मिळाले नाही, तर बोट मागे घ्या. आम्हांला गप्प राहायला तुम्हीच शिकवू शकता.